ताऱ्यांच्या गर्दीतला सरकणारा ठिपका: लघुग्रह कसा पाहावा?

लघुग्रह म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर खाचखळग्यांनी भरलेला एक ओबडधोबड दगड उभा राहतो, कारण अवकाशयानांनी जवळून घेतलेली छायाचित्रे आपण सर्वांनी पाहिलेली असतात. ते चित्र खरेच आहे. पण पृथ्वीवरून, घरच्या दुर्बिणीतून, त्यातले काहीही दिसत नाही. नेत्रिकेला डोळा लावला की दिसतो तो केवळ एक प्रकाशबिंदू. त्याला ना आकार, ना धूमकेतूसारखे शेपूट, ना ग्रहासारखी तबकडी. आसपासच्या पंधरावीस ताऱ्यांत तो असा मिसळून गेलेला असतो की आपण नेमके त्याच्याकडेच पाहत असलो, तरी हा तारा नव्हे हे कळायला मार्ग नसतो. त्याचे बिंग फोडणारी गोष्ट एकच असते: आज तो जिथे आहे, तिथे उद्या नसतो. म्हणूनच लघुग्रहाचे निरीक्षण एका रात्रीत पुरे होत नाही. ते दोन रात्रींच्या तुलनेतून होते, आणि त्या तुलनेसाठी वही आणि पेन्सिल दुर्बिणीइतक्याच गरजेच्या असतात.

विल्यम हर्शेल यांनी १८०२ मध्ये या वस्तूंसाठी ‘अ‍ॅस्टरॉइड’ हा शब्द सुचवला, त्याचा अर्थच ‘ताऱ्यासारखा’ असा आहे. त्या काळातल्या उत्तमोत्तम दुर्बिणी वापरणाऱ्या हर्शेल यांनाही या वस्तूंची तबकडी नीट दिसली नव्हती. मराठीतला ‘लघुग्रह’ हा शब्द वस्तू मुळात काय आहे ते सांगतो, तर हर्शेल यांचा शब्द ती कशी दिसते ते सांगतो. नव्या निरीक्षकाची निराशा होते ती बहुधा पहिला शब्द मनात ठेवून दुर्बिणीकडे गेल्यामुळे.

पहिला लघुग्रह सापडला तोही याच तुलनेतून. १ जानेवारी १८०१ च्या रात्री सिसिली बेटावरील पालेर्मो येथील वेधशाळेत ज्युसेपे पियाझ्झी ताऱ्यांची सूची तयार करत होते. प्रत्येक ताऱ्याचे स्थान एकाहून अधिक रात्री मोजायचे, अशी त्यांची शिस्त होती. वृषभ राशीतील एका अंधुक ताऱ्याचे दुसऱ्या रात्री मोजलेले स्थान पहिल्या रात्रीशी जुळेना. आपल्याच मोजणीत चूक झाली असावी, असे त्यांना आधी वाटले. पण पुढच्या रात्रींनीही तो तारा त्याच दिशेने सरकत असल्याचे दाखवले, तेव्हा हे काही वेगळेच आहे याची खात्री पटली. ११ फेब्रुवारीपर्यंत त्यांनी त्याचा माग ठेवला. नंतर ते आजारी पडले, आणि पुढे तो बिंदू सूर्याच्या प्रभेत हरवला. तो पुन्हा कुठे उगवेल हे सांगण्यासाठी चोवीस वर्षांच्या कार्ल फ्रीडरिश गाउस या गणितज्ञाने त्या मोजक्या नोंदींवरून कक्षा काढण्याची नवी रीत शोधली, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस फॉन झाख आणि ओल्बर्स या खगोलनिरीक्षकांना तो बिंदू गाउस यांनी सांगितलेल्या जागेच्या जवळच सापडला. हाच सेरेस. त्याच्यापाठोपाठ १८०२ मध्ये पॅलास, १८०४ मध्ये जुनो आणि १८०७ मध्ये व्हेस्टा यांचे शोध लागले.

पॅलासची गंमत अशी की ओल्बर्स यांनी तो शोधण्याच्या तेवीस वर्षे आधी, १७७९ मध्ये, शार्ल मेसिए यांनी एका धूमकेतूचा मार्ग आखताना तो नकाशावर टिपला होता, पण तारा म्हणून. पॅलास त्यांच्या डोळ्यांना दिसला होता, कागदावरही उतरला होता. फक्त त्या एका ठिपक्याची दुसऱ्या रात्रीशी तुलना झाली नाही. एवढ्या तयारीच्या निरीक्षकालाही जे चुकले ते आपल्याला चुकले तर नवल नाही.

हा पट्टा कुठे आहे आणि त्यातले काय दिसू शकते

मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांच्या दरम्यान, सूर्यापासून साधारण २.१ ते ३.३ खगोलीय एकके अंतरावर, लघुग्रहांचा मुख्य पट्टा पसरलेला आहे. खगोलीय एकक म्हणजे पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील सरासरी अंतर, सुमारे १५ कोटी किलोमीटर. आजवर दहा लाखांहून अधिक लघुग्रहांच्या नोंदी झालेल्या आहेत आणि त्यांतले बहुतेक याच पट्ट्यातले आहेत. एवढी संख्या ऐकून तिथे दगडांची दाटी असेल असे वाटते, पण पट्टा इतका अफाट आहे की दोन बऱ्यापैकी मोठ्या लघुग्रहांमध्ये सहसा लाखो किलोमीटरची पोकळी असते. अवकाशयाने त्यातून आरपार निघून जातात. आणि सगळे लघुग्रह एकत्र केले तरी त्यांचे वस्तुमान आपल्या चंद्राच्या वस्तुमानाच्या तीन-चार टक्क्यांच्या पुढे जात नाही. त्यातलाही एकतृतीयांशाहून मोठा वाटा एकट्या सेरेसचा आहे.

यांपैकी आपल्या दुर्बिणीच्या आवाक्यात कोण येते, हे समजण्यासाठी ‘दृश्यप्रत’ ही कल्पना लागते. दृश्यप्रत म्हणजे आकाशातील वस्तू किती तेजस्वी दिसते याचे माप. आकडा जितका मोठा, तितकी वस्तू मंद. पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात बरोबर शंभर पटींचा फरक, असे हे माप नॉर्मन पॉग्सन यांनी १८५६ मध्ये पक्के केले. हेच पॉग्सन पुढे मद्रासच्या वेधशाळेत आले आणि १८६१ मध्ये तिथून त्यांनी एक लघुग्रह शोधला. आशिया खंडातून सापडलेला तो पहिलाच लघुग्रह असल्याने त्याचे नावही ‘एशिया’ असेच ठेवले गेले. निवळ काळोख्या आकाशात नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. ५० मिलिमीटर भिंगांच्या द्विनेत्री दुर्बिणीतून, म्हणजे साध्या बायनॉक्युलरमधून, नवव्या प्रतीच्या आसपास पोहोचता येते, आणि १०० मिलिमीटर व्यासाच्या दुर्बिणीतून साधारण बाराव्या प्रतीपर्यंत. शहरी उजेडात यातून दोन-तीन प्रती सहज वजा होतात.

या हिशेबात व्हेस्टा पहिला येतो. चांगल्या संधीच्या वेळी तो साडेपाचव्या प्रतीच्याही पुढे उजळतो. जून २०१८ मध्ये धनु राशीत असताना तो ५.३ प्रतीचा होता, आणि खरोखर काळोख्या ठिकाणाहून नुसत्या डोळ्यांनी दिसण्याजोगा होता. सेरेस उत्तम परिस्थितीत सातव्या प्रतीच्या आसपास असतो, पॅलास साडेसहाव्या प्रतीपर्यंत क्वचितच येतो, आणि जुनो साडेसातपर्यंत. म्हणजे हे चौघेही बायनॉक्युलरच्या टप्प्यातले आहेत, ही गोष्ट अनेकांना ठाऊकच नसते.

सेरेसचा व्यास सुमारे ९४० किलोमीटर आणि व्हेस्टाचा सुमारे ५२५. मग लहान असूनही व्हेस्टा अधिक तेजस्वी का? व्हेस्टाचे आपल्याला दिसणारे क्षेत्रफळ सेरेसच्या एकतृतीयांशाहूनही थोडे कमी आहे. पण सेरेसचा पृष्ठभाग कोळशासारखा काळपट असून त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी जेमतेम नऊ टक्के परत फेकला जातो; व्हेस्टाचा पृष्ठभाग फिक्या रंगाच्या ज्वालामुखीजन्य खडकांचा असल्याने तिथून सुमारे चाळीस टक्के परततो. क्षेत्रफळात तीन पट तोटा आणि परावर्तनात चार पटींहून अधिक नफा, असा हिशेब केला तर दोघे जवळजवळ बरोबरीत येतात आणि व्हेस्टा किंचित पुढे राहतो. त्यात व्हेस्टा सूर्याच्याही जवळ आहे आणि आपल्याही, म्हणून प्रत्यक्ष आकाशात तो चांगलाच पुढे निघून जातो.

तबकडी का दिसत नाही, याचाही आकडा पाहण्यासारखा आहे. जून २०१८ मध्ये व्हेस्टा आपल्यापासून सुमारे १७ कोटी किलोमीटरवर होता. त्या अंतरावरून त्याचा कोनीय व्यास होतो ०.६ विकलांच्या जरा वर, आणि एक विकला म्हणजे एका अंशाचा ३६०० वा भाग. दोन मिलिमीटर रुंदीचे टाचणीचे डोके सहाशे मीटरवर ठेवले तर ते जेवढे दिसेल, तेवढा. पृथ्वीचे वातावरण स्वतःच थरथरत असते, आणि साध्या रात्री त्या थरथरीमुळे कोणत्याही ताऱ्याचा ठिपका एक-दोन विकलांइतका पसरतो. त्यामुळे वर्धन कितीही वाढवले तरी व्हेस्टाचा बिंदू तेवढाच राहतो. हे एकदा मान्य केले की मोठ्या वर्धनाच्या नेत्रिकेचा मोह सुटतो. या कामासाठी कमी वर्धनाची आणि मोठे क्षेत्र दाखवणारी नेत्रिकाच बरी.

प्रतियुतीचे दिवस

सूर्य, पृथ्वी आणि लघुग्रह जवळजवळ एका रेषेत येतात आणि पृथ्वी त्यांच्या मध्ये असते, त्या स्थितीला प्रतियुती म्हणतात. त्या वेळी लघुग्रह सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, मध्यरात्री सर्वांत उंच येतो आणि पहाटे मावळतो. तो आपल्यापासून सर्वांत जवळही साधारण तेव्हाच असतो, आणि पौर्णिमेच्या चंद्राप्रमाणे त्याचा उजळलेला भाग पूर्णपणे आपल्याकडे असतो. पौर्णिमेचा चंद्र अष्टमीच्या चंद्राच्या दुपटीहून कितीतरी अधिक तेजस्वी असतो, कारण समोरून उजेड पडला की पृष्ठभागावरच्या खडबडीच्या सावल्या आपापल्या खड्यांमागे लपतात; लघुग्रहांनाही हेच लागू पडते आणि प्रतियुतीच्या एक-दोन दिवसांत त्यांच्या तेजाला किंचित उठाव येतो. याउलट व्हेस्टा सूर्याच्या पलीकडल्या बाजूला जातो तेव्हा तो आठव्या प्रतीच्याही खाली उतरतो. म्हणजे एकाच वस्तूच्या तेजात दहा पटींहून मोठा फरक पडतो.

सर्वच प्रतियुती सारख्या नसतात, कारण लघुग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार आहेत. जुनोची कक्षा तर बरीच लांबट आहे. लघुग्रह सूर्याच्या सर्वांत जवळच्या बिंदूपाशी असताना प्रतियुती झाली तर ती मेजवानीच; दूरच्या बिंदूपाशी झाली तर तोच लघुग्रह प्रत-दीड प्रत फिका दिसतो. पॅलासची आणखी एक तऱ्हा आहे. त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेच्या पातळीशी जवळजवळ ३५ अंशांचा कोन करते, त्यामुळे तो राशिचक्राच्या बाहेर, ग्रह कधी जात नाहीत अशा तारकासमूहांत खुशाल भटकताना आढळतो.

प्रतियुतीच्या आगेमागे लघुग्रह वक्री असतो, म्हणजे ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर पूर्वेऐवजी पश्चिमेकडे सरकतो. तो उलटा फिरू लागलेला नसतो. आतल्या मार्गावरून वेगाने जाणारी पृथ्वी त्याला मागे टाकत असते, आणि जलद गाडीतून पाहताना शेजारच्या रुळावरची संथ गाडी मागे जात आहे असे वाटते, तसेच हे आहे. पृथ्वीचा वेग सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर, तर व्हेस्टाचा साधारण १९. यातल्या फरकामुळे प्रतियुतीच्या काळात व्हेस्टा रोज पाव अंश, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या निम्मे अंतर, सरकतो. सेरेस त्याहून थोडा मंद. तासाचा हिशेब केला तर व्हेस्टा तासाला सुमारे ३८ विकला जातो. गुरूची तबकडी मोठ्या आकारात दिसते तेव्हा तिची रुंदी याहून थोडीच जास्त असते. जवळ एखादा तारा असेल तर दुर्बिणीतून दोन-तीन तासांत ही हालचाल लक्षात येते, आणि तशी ती एकाच रात्री पाहायला मिळाली तर फारच बहार येते.

वक्री गती सुरू होताना आणि संपताना मात्र काही दिवस असे येतात की लघुग्रह ताऱ्यांमध्ये जवळपास जागच्या जागी थांबल्यासारखा होतो. याला स्तंभी होणे म्हणतात. ज्योतिषातून हा शब्द अनेकांच्या कानावर असेल, पण निरीक्षकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ साधा आहे: या दिवसांत दोन रात्रींची तुलना करून काही हाती लागत नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याने हे दिवस टाळून प्रतियुतीच्या आधीचे आणि नंतरचे दोन-तीन आठवडे धरावेत, आणि त्यांतही अमावास्येच्या जवळच्या रात्री.

प्रत्यक्ष शोध

आधी जागा ठाऊक हवी. लघुग्रहाचे प्रत्येक तासाचे विषुवांश आणि क्रांती, म्हणजे आकाशातले रेखांश-अक्षांश, अमेरिकेतील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीच्या ‘होरायझन्स’ या सेवेतून कोणालाही मोफत मिळतात. मोबाइलवरील आणि संगणकावरील आकाशदर्शनाची अ‍ॅप्सही नकाशा काढून देतात, पण त्यांत भरलेली कक्षेची माहिती जुनी असेल तर दाखवलेली जागा थोडी चुकते. गुरूच्या ओढीमुळे लघुग्रहांच्या कक्षा सतत किंचित बदलत असतात. तेव्हा पाहण्यापूर्वी ती माहिती अद्ययावत करून घेणे श्रेयस्कर. नकाशावर लघुग्रहाहून किमान एक-दीड प्रत मंद असलेले तारेही दिसायला हवेत. नकाशात नसलेला प्रत्येक तारा लघुग्रह वाटू लागला, तर काम अवघड होते.

मग ओळखीच्या तेजस्वी ताऱ्यापासून सुरुवात करून, लहान लहान त्रिकोण आणि रांगा जुळवत, एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर उड्या घेत त्या जागेपर्यंत जायचे. स्वयंचलित दुर्बीण आकडे दिल्यावर आपणहून तिथे वळते हे खरे, तरीही क्षेत्रातले तारे नकाशाशी ताडून पाहणे सुटत नाही, कारण ती दुर्बीणही कोणता ठिपका आपला हे सांगत नाही. डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला वीस-तीस मिनिटे लागतात. तोवर आणि त्यानंतरही मोबाइलच्या पडद्याकडे पाहू नये, आणि नकाशा वाचायला मंद लाल उजेड वापरावा. मंद ठिपका दिसत नसेल तर त्याच्याकडे रोखून पाहू नये. नजर किंचित बाजूला वळवली की तो अचानक उमटतो, कारण डोळ्याच्या पडद्याचा मध्यभाग मंद प्रकाशाला कमी संवेदनशील असतो.

आता वही. पानावर दहा सेंटिमीटर व्यासाचे एक वर्तुळ काढावे; ते म्हणजे नेत्रिकेतून दिसणारे क्षेत्र. त्यात आधी सर्वांत ठळक दोन-तीन तारे बसवावेत, मग त्यांच्या आधाराने बाकीचे. तेजस्वी ताऱ्याचा ठिपका मोठा, मंदाचा लहान. बाजूला तारीख, वेळ, दुर्बीण, नेत्रिका आणि उत्तर दिशेचा बाण. सुबक चित्राची इथे गरज नाही, पण जे दिसते ते सगळे आले पाहिजे. सहा अंशांचे क्षेत्र दाखवणाऱ्या बायनॉक्युलरसाठी असे चित्र काढले, तर व्हेस्टाचे एका दिवसाचे सरकणे या कागदावर जेमतेम चार मिलिमीटर भरते. म्हणून बायनॉक्युलरने पाहणाऱ्याने दुसरे चित्र दोन-तीन रात्रींनी काढावे. एक अंशाचे क्षेत्र दाखवणाऱ्या दुर्बिणीत तेच सरकणे अडीच सेंटिमीटर होते, आणि ते कोणाच्याही नजरेत भरते.

हे सगळे दिसते ते काढण्याविषयी मी इतका आग्रही आहे, त्याला माझी पहिली फजिती कारणीभूत आहे. दुर्बिणीला नव्वद अंशांत वळवणारा आरसा लावला की दृश्याची डावी-उजवी बाजू उलटते, ही गोष्ट मला वाचून माहीत होती आणि ऐन वेळी आठवली नाही. नकाशा सरळ, दृश्य उलटे, आणि मी मात्र एका ठळक ताऱ्याला व्हेस्टा ठरवून मोकळा झालो. चित्र काढले ते केवळ उपचार म्हणून. दुसऱ्या रात्री पाहिले तर माझा व्हेस्टा जागेवरून हललेला नव्हता. त्या रात्री मी चित्रही काढले नाही; आकाश स्वच्छ नसावे, नकाशा चुकला असावा, अशी स्वतःची समजूत घालून आत गेलो. तिसऱ्या रात्री मात्र क्षेत्र पुन्हा पहिल्यापासून काढले आणि दोन्ही पाने शेजारी ठेवली. पहिल्या चित्रात वर्तुळाच्या अगदी कडेला काढलेला एक ठिपका आता तिथे नव्हता, आणि दोन ताऱ्यांच्या जोडीजवळ, पहिल्या पानावर कोऱ्या असलेल्या जागी, तेवढ्याच तेजाचा एक ठिपका आलेला होता. व्हेस्टा मी पहिल्याच रात्री पाहिला होता, कागदावर उतरवलाही होता, आणि तो मला तिसऱ्या रात्री कळला. कडेचा तो ठिपका कंटाळा करून गाळला असता, तर तोही पुरावा गेला असता. नकाशा छापण्यापूर्वी तो आरशात पाहिल्यासारखा उलटा करून घेण्याची सोय बहुतेक अ‍ॅप्समध्ये असते. आता मी ती आठवणीने वापरतो.

चित्र काढण्याऐवजी छायाचित्र घेतले तरी तत्त्व तेच राहते. तिपाईवर ठेवलेल्या साध्या कॅमेऱ्याने, ५० मिलिमीटरच्या लेन्सने, काही सेकंदांचे छायाचित्र घेतले की काळोख्या आकाशात आठव्या प्रतीच्या आसपासचे तारे उमटतात. दोन रात्रींची छायाचित्रे संगणकावर एकमेकांवर नीट बसवून आलटून पालटून दाखवली, की सगळे तारे स्थिर राहतात आणि एकच ठिपका इकडून तिकडे उडी मारतो. छायाचित्रावरून नवा लघुग्रह शोधण्याचे काम पहिल्यांदा माक्स वोल्फ यांनी १८९१ मध्ये हायडेलबर्ग येथे केले. दीर्घ काळ उघड्या ठेवलेल्या काचेवर तारे बिंदूसारखे आले आणि सरकणाऱ्या लघुग्रहाची बारीक रेघ उमटली. त्याच्याआधी मात्र सारी भिस्त डोळ्यांवर आणि हाताने काढलेल्या नकाशांवरच होती. व्हेस्टानंतर अडतीस वर्षे एकही लघुग्रह सापडला नाही. १८४५ मध्ये पाचवा लघुग्रह अ‍ॅस्ट्रिया सापडला तो कार्ल लुडविग हेन्के या टपाल खात्यातल्या हौशी निरीक्षकाला, वर्षानुवर्षे स्वतः ताऱ्यांचे नकाशे काढून ते आकाशाशी ताडून पाहत बसल्यावर.

काही सरकते ठिपके फसवेही असतात. कृत्रिम उपग्रह काही सेकंदांत किंवा मिनिटांत क्षेत्र ओलांडून जातो, त्यामुळे त्याची गल्लत होत नाही. रूपविकारी तारा, म्हणजे ज्याचे तेज बदलत राहते असा तारा, मात्र चकवतो: काही दिवसांनी तो मंद झाला की आधीच्या चित्रातला ठिपका नाहीसा झाल्यासारखा वाटतो. अशा वेळी ‘गेला कुठे’ याचे उत्तर शेजारच्या एखाद्या नव्या ठिपक्यात मिळाले, आणि दोन्ही जागा सांगितलेल्या मार्गावर बसल्या, तरच त्याला लघुग्रह म्हणावे.

हे जमू लागल्यावर पुढे दोन वाटा फुटतात. पहिली तेजाच्या मोजणीची. लघुग्रह स्वतःभोवती फिरतो आणि लांबट असेल तर कधी रुंद, कधी अरुंद बाजू आपल्याकडे करतो, त्यामुळे त्याचे तेज ठरावीक कालाने कमीजास्त होते. कॅमेऱ्याने रात्रभर हे तेज मोजून आलेख काढला की त्याचा परिवलनकाळ कळतो: व्हेस्टाचा सुमारे ५ तास २० मिनिटे, सेरेसचा सुमारे ९ तास. दोन्ही टोकांना फुगीर हाडासारखा असलेल्या क्लिओपात्रा या लघुग्रहाच्या आलेखात हे चढउतार चांगलेच ठळक दिसतात.

दुसरी वाट पिधानाची, आणि मला विचाराल तर ती अधिक रंजक. लघुग्रह एखाद्या ताऱ्याच्या बरोबर समोरून गेला की तारा काही सेकंदांसाठी विझतो. लघुग्रहाची ही सावली पृथ्वीवरून एका अरुंद पट्ट्यातून धावत जाते. त्या पट्ट्यात वेगवेगळ्या ठिकाणी बसलेल्या निरीक्षकांनी तारा केव्हा गेला आणि केव्हा परतला याची अचूक वेळ नोंदवली, की प्रत्येकाची नोंद म्हणजे लघुग्रहाच्या आकृतीतली एकेक आडवी रेघ ठरते, आणि सगळ्या रेघा मांडल्यावर त्या बिंदूची बाह्यरेखा कागदावर उमटते. २९ मे १९८३ रोजी पॅलासने एक तारा झाकला तेव्हा अनेक निरीक्षकांनी मिळून त्याचा आकार असाच काढला. १२ डिसेंबर २०२३ रोजी लिओना या लघुग्रहाने मृगातला तांबूस काक्षी, म्हणजेच बीटलज्यूस, काही सेकंद झाकला आणि ते दक्षिण युरोपातून पाहण्यात आले. काक्षीची तबकडी एरवीच्या ताऱ्यांच्या मानाने मोठी असल्याने तो एकदम विझण्याऐवजी मंदावला.

व्हेस्टापाशी ‘डॉन’ हे यान जुलै २०११ ते सप्टेंबर २०१२ असे वर्षभराहून अधिक काळ घिरट्या घालत होते. त्याच्या दक्षिण ध्रुवापाशी सुमारे ५०० किलोमीटर रुंदीचे, म्हणजे जवळजवळ त्याच्या स्वतःच्या व्यासाएवढे, विवर असल्याचे त्याने दाखवले. पृथ्वीवर सापडणाऱ्या अशनींपैकी, म्हणजे अवकाशातून पडलेल्या दगडांपैकी, एक गट याच व्हेस्टावरून उडालेल्या तुकड्यांचा असल्याचे मानले जाते. जून २०१८ च्या त्या अंतरावरून सूर्यप्रकाशाला व्हेस्टापर्यंत जायला सुमारे १८ मिनिटे आणि तिथून आपल्या डोळ्यांत यायला आणखी साडेनऊ मिनिटे लागली होती.

व्हेस्टाच्या दोन प्रतियुतींमध्ये सरासरी ५०४ दिवस, म्हणजे साडेसोळा महिने जातात, आणि तेवढ्या काळात तो राशिचक्रात साडेचार राशींच्या आसपास पुढे सरकलेला असतो. म्हणून प्रत्येक वेळी त्याची पार्श्वभूमी वेगळी असते: उदाहरणार्थ, जून २०१८ मध्ये धनु, मार्च २०२१ मध्ये सिंह, ऑगस्ट २०२२ मध्ये कुंभ, डिसेंबर २०२३ मध्ये मृगाचा तारकासमूह, मे २०२५ मध्ये तूळ. धनु राशीत तो आकाशगंगेच्या दाट ताऱ्यांत असतो आणि तिथे त्याला वेगळा काढणे सर्वांत कठीण जाते. सिंह राशीच्या मागल्या भागात तारे विरळ असल्याने वर्तुळात सात-आठच ठिपके येतात, आणि त्यांतला हललेला कोणता हे दुसऱ्या रात्री पान उलटताक्षणी कळते.